जाऊन राह्यली

मेहकरच्या कॉलेजात मी चार-पाच वर्षं गणित शिकवलं आणि ती सगळी वर्षं तात्पुरतीच राहिले. एप्रिल संपला की माझी नोकरी संपायची. जूनमध्ये संस्थेच्या अध्यक्षांच्या बैठकीत जाऊन उभं राहायचं. ते चहा प्यायचे, पेपर चाळायचे, माझ्याकडे न बघता म्हणायचे, “घ्या, यंदाच्या वर्षी.” यंदाच्या वर्षी! जशी काही मी शिक्षिका नसून गच्चीवर वाळत घातलेली कुरडई होते, ऊन असेतोवर ठेवायची.

मधले दोन महिने मी डोणगावच्या घरी असायचे आणि घरच्यांच्या डोक्याला ताप व्हायचे. ओसरीतून अंगणात, अंगणातून ओसरीत. पुस्तक उघडायचं, मिटायचं. आई धान्य निवडता निवडता वैतागायची, “काऊन वं अशी फिरून राह्यली? बूड टेकव ना एका जागी.” बूड टेकवायला जागाच कुठे होती? लग्न कर म्हणणारे होते, बी. एड. करून शाळेत लाग म्हणणारे होते. मला वर्गातलं गणित आवडायचं, पण त्या वर्गावर माझं नाव लागेना, आणि ते लागल्याशिवाय मला दुसरं काही सुचेना.

अशाच एका उन्हाळ्यात नागपूरला शिक्षकांचं शिबिर होतं. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. तिथे मी पहिल्यांदा कॉम्प्युटर पाहिला. चपला बाहेर काढून आत जायचं, खोलीत थंडी, आणि पडद्यावर हिरवी अक्षरं. बाकीचे शिक्षक लांबूनच कौतुक करत होते. मी खुर्ची धरली ती सोडेना. फळ्यावर मी वर्षानुवर्षं जे लिहून पुसत होते ते हे यंत्र आज्ञा म्हणून पाळत होतं. चुकलं की तिथल्या तिथे सांगत होतं. अध्यक्षांसारखं जूनपर्यंत ताटकळत ठेवत नव्हतं. शिबिराच्या सरांना शेवटी मला उठा म्हणावं लागलं.

त्याच जूनमध्ये अध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “बाई, आपल्याकडेही कॉम्प्युटरचा विषय निघणार म्हणतात. त्याच्यातली एम. एस्सी. करून या, कायम करतो.” चार माणसांसमोर म्हणाले. मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. ते वर्ष शिकवता शिकवता अभ्यास केला आणि पुढच्या उन्हाळ्यात पुण्याला जाऊन परीक्षा दिली, मुलाखत दिली. जागा थोड्या, मुलं ढीगभर. माझं नाव लागलं ते प्रतीक्षा यादीत, सगळ्यात वर.

तिथल्या क्लार्कनं समजावून सांगितलं, “दरवर्षी एखाद-दुसरा गळतो. जागा झाली की आम्ही फोन करू. मात्र नक्की काय ते त्याच फोनवर सांगायचं. थांबता येणार नाही, लगेच पुढच्याला बोलवतो.”

आमच्या घरी फोन कुठला? समोरच्या अडत दुकानाचा नंबर दिला, पुढे ‘पी. पी.’ असं लिहून. तेव्हा अर्धं गाव त्या पी. पी.वर जगत होतं. जन्म, मरण, बदल्या, सगळं त्या दुकानात पोत्यांमध्ये उभं राहून ऐकायचं.

इथे वडिलांबद्दल सांगायला हवं. ते एसटीत होते. कंडक्टर म्हणून लागले आणि मेहकर स्टँडवर कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. गावात सगळे त्यांना कंट्रोलर साहेबच म्हणत. नोकरी सुटली तरी खोड सुटली नव्हती. त्यांना कुठल्याही गावाचं नाव सांगा, ते कधी त्या गावाबद्दल बोलायचे नाहीत. पहिली गाडी कुठवर घ्यायची तेवढं सांगायचे. नाशिकला जायचंय म्हटलं की “औरंगाबादले जा.” अमरावती म्हटलं की “अकोल्याले जा.” पुढचं पुढे. माणूस पहिल्या गाडीत नीट बसला की निम्मं काम झालं, असं त्यांचं म्हणणं. आई म्हणायची, “या माणसाले देवाघरची वाट इचारली तं म्हनन, पयले चिखलीले जा.”

जून सरत आला आणि माझी घालमेल वाढली. सकाळी उठले की मी अडत दुकानात. फोन काळा, जाड, त्याच्यावर दुकानदारीणबाईंनी विणलेला रुमाल. मी त्या रुमालाकडे बघत बसायची. दुकानदार काका चांगले होते, पण त्यांनाही माझा जाच झाला असावा. “ताई, तुमच्या पाह्यण्यानं वाजत असता तं म्या तुमाले नोकरीवर ठेवलं असतं,” एकदा म्हणाले. गिऱ्हाइकं हसली. मी हसले नाही.

आणि वाजला तो नेमका मी नसताना. माझी मूळ प्रमाणपत्रं कॉलेजात अडकली होती, ती आणायला मी मेहकरला गेले होते. परत आले तर वडील ओसरीत ताठ बसलेले. दाढी घोटलेली, इस्त्रीचा शर्ट. फोन आल्याचं काकांनी ओरडून सांगितलं तेव्हा ते बनियनवर होते. पुण्याच्या माणसाशी बोलायचं म्हणून त्यांनी आधी शर्ट चढवला होता, आणि दाढी नंतर, आनंदानं.

“आला बरं तुह्या पुण्याचा फोन,” ते म्हणाले.

“काय म्हणे?”

“इचारत होता, पोरगी येते का म्हून. म्या सांगून देलं, हाव, जाऊनच राह्यली ते!”

“अन् मंग?”

“मंग काय, लाइन कटली. पण त्याले समजलं.”

मी प्रमाणपत्रांची पिशवी आईच्या मांडीवर टाकली आणि अंगणात दोन गिरक्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना निरोप धाडला, यंदा माझं नाव धरू नका. तिसऱ्या दिवशी सकाळी नागपूरहून येणाऱ्या औरंगाबाद गाडीच्या टपावर माझी ट्रंक चढली. वडिलांनी कंडक्टरला बजावलं, खिडकीची जागा मिळवून दिली आणि खाली उभे राहून मला म्हणाले, “औरंगाबादले उतरली का पुण्याची लागूनच असते. घाई करू नको.” मला घाई करू नको म्हणणं म्हणजे मांजराला दूध पिऊ नको म्हणणं. मी प्रत्येक स्टँडवर उठून उभी राहायची. जालना येईपर्यंत शेजारची बाई म्हणाली, “बाई, तुमी उभ्यानंच या ना, मी लेकराले निजवतो.”

पुण्याला मी ट्रंकेसकट ऑफिसात गेले. क्लार्कनं चष्म्यावरून पाहिलं.

“तुम्ही? अहो, तुम्ही तर औरंगाबादला राहिलात ना?”

“मी?”

“मी स्वतः फोन केला होता. वडील होते तुमचे. मी विचारलं, मुलगी येणार आहे का? तर म्हणाले, ती जाऊन राहिली. मी विचारलं, कुठे? म्हणाले, औरंगाबादला. तेवढ्यात फोन तुटला. तिकडेही असले वर्ग निघालेत असं ऐकलं होतं. म्हटलं, तिथे प्रवेश घेऊन राहिल्या असतील. पुढच्या मुलाला बोलावलं. तो कालच दाखल झाला.”

मला आधी काही कळलं नाही. मग एकदम कळलं, आणि मी ट्रंकेवर बसले. आमच्याकडे ‘जाऊन राह्यली’ म्हणजे जाते आहे, निघाली आहे, पाय उचललेला आहे. या माणसाच्या कानात ती गेली आणि तिथेच राहिली. वर ‘कुठे’ म्हटल्यावर वडिलांनी आपल्या सवयीनं पहिली गाडी सांगितली. दोघंही आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर होते. मला हसू फुटलं आणि त्याच दमात समोरची शाईची दौत उचलून भिंतीवर मारावीशी वाटली.

मी समजावलं. क्लार्क माणूस वाईट नव्हता. त्यानं दोनदा ऐकून घेतलं. मग म्हणाला, “पण बाई, राहिली म्हणजे राहिलीच ना?”

त्यानं मला विभागप्रमुखांकडे नेलं. तिथे पुन्हा तेच व्याकरण. करून राह्यलो म्हणजे करतोय, खाऊन राह्यलो म्हणजे खातोय. सरांनी पेन बाजूला ठेवलं. “मग तुमच्याकडे एखादी मुलगी खरंच गेली आणि राहिली, तर काय म्हणता?”

“गेली अन् तिथंच राह्यली, म्हणतो.”

“फरक आहे खरा,” ते म्हणाले. “तुमचं म्हणणं मला पटलं. पण जागा नाही. दिलेली जागा काढून कशी घेऊ?” त्यांनी पेन पुन्हा उचललं. “मागे बसून ऐकायचं असेल तर बसा. हजेरीत नाव नसेल. कुणी सोडून गेलं तर बघू. हमी देत नाही.”

म्हणजे मेहकरची नोकरी यंदापुरती गेली होती आणि इथे मी कुणीच नव्हते. संध्याकाळी पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला. काकांनी वडिलांना हाक मारल्याचं ऐकू आलं, मग पोत्यांतून वाट काढत येणारी त्यांची पावलं, मग धाप.

“झाली काय वं ॲडमिशन?”

त्यांना एकदम धक्का नको म्हणून मी म्हटलं, “होऊन राह्यली.”

“म्हणजे झाली नाई,” ते लगेच म्हणाले. “काऊन?”

आपल्या माणसापासून आपल्या भाषेत काही लपवता येत नाही. मी सगळं सांगितलं. सबुरीनं सांगितलं असं म्हणणार नाही. दिवसभराचा संताप होता, तो तारेतून तसाच्या तसा गेला.

“असं समजले काय ते,” एवढंच म्हणाले, आणि फोन ठेवला.

चार दिवसांनी वर्ग चालू असताना शिपाई मला बोलवायला आला. ऑफिसात वडील उभे होते. तोच इस्त्रीचा शर्ट, प्रवासानं चुरगळलेला. क्लार्कच्या टेबलासमोर हात मांडीला चिकटवून उभे, आणि बोलत होते. तो आवाज मी फक्त मेहकर स्टँडच्या भोंग्यातून ऐकला होता.

“नमस्कार. मी डोणगाव येथून आलो आहे. माझी मुलगी औरंगाबाद येथे गेलेली नाही. ती पुणे येथे येण्याकरिता निघत होती. माझ्या बोलण्यामुळे आपला गैरसमज झाला, त्याबद्दल क्षमा असावी. तरी कृपया तिचा विचार करण्यात यावा.”

एक काना-मात्रा चुकली नाही. गाडीत बसून पाठ केलं असणार. मधल्या स्टँडवर गाडी थांबली की थांबायचं, सुटली की पुन्हा सुरुवातीपासून. क्लार्क खुर्चीतून उठलाच. “अहो काका, बसा, बसा आधी,” म्हणत त्यानं स्वतःची खुर्ची पुढे केली.

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. “बाबा, तुमी काऊन माफी मागून राह्यले? तुमी काय चुकीचं बोलले?” मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की टाइपरायटर थांबले.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच दटावलं. मग हळूच म्हणाले, “इथं असं बोलू नको.”

घरी माझ्या कुठल्याही बोलण्याला त्यांनी कधी इथं-तिथं केलं नव्हतं. मी सभेत बोलले, पाहुण्यांपुढे बोलले, कॉलेजात भांडून आले, तरी बोल म्हणाले होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला गप्प केलं. आणि तेही जागेचा विचार करून, माझ्यासाठी. मला तिथे रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मी क्लार्कनं पुढे केलेल्या खुर्चीत त्यांना बसवलं.

जागा मिळाली नाही ती नाहीच. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. फलाटावर आल्यावर त्यांचा आवाज परत त्यांचा झाला.

“कोण्या बाकावर बसतं?”

“मांगच्या.”

“फळा दिसते काय?”

“दिसते.”

“मंग बस ना. नाव नाई लिहून राह्यले तं नाई. ऐकाले कोन मनाई केली?” गाडीत चढताना वळून म्हणाले, “अन् जेवत जाजो टाइमावर.”

मी बसले. रोज हजेरी व्हायची, सगळी नावं होऊन जायची आणि माझा ‘येस सर’ तोंडातल्या तोंडात राहायचा. यंत्रावर बसायची वेळ ज्यांचं नाव आहे त्यांनाच मिळे. मी कागदावर प्रोग्राम लिहायची, बोटानं एकेक ओळ चालवून बघायची आणि कुणी चहाला उठलं की चपला भिरकावून त्याच्या खुर्चीत. तो येईपर्यंत जेवढं होईल तेवढं. अर्ध्यातच उठावं लागायचं. उरलेला प्रोग्राम मग रस्त्यानं चालताना डोक्यात फिरत राहायचा आणि मी भलत्याच गल्लीत निघायची. सोबतची मुलं मला ‘वेटिंग लिस्ट’ म्हणायची. प्रेमानंच म्हणायची, पण मला ते झोंबायचं. रोज वाटायचं, ट्रंक उचलावी आणि सरळ अध्यक्षांपुढे जाऊन उभं राहावं. रोज वाटायचं, उद्या.

दिवाळी जवळ आली तेव्हा वर्गातल्या एकाला बँकेत नोकरी लागली आणि तो गेला. क्लार्क स्वतः वर्गाच्या दाराशी आला. “चला बाई, नाव लिहून जा,” म्हणाला, आणि सर शिकवत होते तरी थांबले. सही करायला मी रजिस्टर इतक्या घाईनं ओढलं की क्लार्क म्हणाला, “सावकाश. आता कुणी काढून घेत नाही.”

मी धावत पोस्टात गेले. फोन लागेपर्यंत खिडकीच्या गजांना धरून उभी. शेवटी पलीकडून पावलं, धाप.

“बाबा, झाली! झाली बरं ॲडमिशन! होऊन गेली!”

“अभिनंदन,” पलीकडून आवाज आला. “आम्हा सर्वांना फार आनंद झाला आहे.”

मला वाटलं, काकांनी दुसऱ्याच कुणाला दिला फोन. “कोन बोलून राह्यलं?”

“मी तुझे वडील बोलत आहे. तू नीट जेवत आहेस ना?”

मी हसत सुटले. गंमत करतायत म्हटलं. पण पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्या वेळीही. दिवाळीत घरी गेले तर ओसरीत बसून त्यांनी मला आपल्या नेहमीच्या भाषेत भरपूर झापलं, हडकली किती म्हणून, आणि मी निश्चिंत झाले. परत पुण्याला येऊन फोन केला तर पुन्हा, “आम्ही सर्व ठीक आहोत. काळजी नसावी.” त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. फोनवर आपली भाषा आपल्या पोरीचा घात करते.

दोन वर्षांनी मी पदवी घेऊन आले. अध्यक्षांनी शब्द पाळला, मला कायम केलं. कॉम्प्युटरचा विभाग निघाला आणि त्याच्या दारावर माझ्या नावाची पाटी लागली. पुढे मेहकरच्या माझ्या खोलीत फोन आला, डोणगावच्या घरातही आला. आमच्यामध्ये आता अर्ध्या तासाची गाडी होती आणि कुणी क्लार्क ऐकत नव्हता. मी त्यांना कितीदा सांगितलं असेल. भांडून सांगितलं, लाडानं सांगितलं. “बाबा, मी हावो ना इकडून, माह्यासंग तं आपलं बोला.” तिकडून सावकाश, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखं उत्तर यायचं, “होय, मला ऐकू येत आहे. बोल.”

पुढे ते थकले. दम लागायचा, पायांवर सूज यायची. मी फोन करून विचारलं की सांगायचे, “माझी प्रकृती उत्तम आहे. तू येण्याची घाई करू नये.” इतक्या शुद्ध मराठीत सांगितलेलं मला कधी खरं वाटायचं नाही. मी फोन ठेवायची, मिळेल ती गाडी पकडायची आणि डोणगावला उतरून तरातरा घर गाठायची. ते ओसरीत भिंतीला टेकून बसलेले असायचे. मला पाहिलं की म्हणायचे, “एवढ्या उन्हाची कशाले आली वं? दम तं घे. मले काय झालं?”

तेवढं ऐकायला मी आलेली असायची.